पीपीसी सिमेंटचा स्लॅब कच्चा राहतो का?

तुमचे मिस्त्री म्हणतात, 'राखेचं सिमेंट नको, ओपीसीच (साधं पोर्टलँड सिमेंट) आणा.' माझं उत्तर: घरासाठी पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, बिनधास्त वापरा, पण पाणी मारण्यात हयगय नको.

पीपीसीत औष्णिक वीज केंद्रांची राख, म्हणजे फ्लाय अॅश, 15 ते 35 टक्के असते. ती नुसती भर नव्हे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना सुटतो, आणि ही बारीक राख त्या चुन्याशी हळूहळू बांधली जाऊन काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रं बुजवते. म्हणून सुरुवातीचे दिवस ताकद कमी दिसते, पण ती महिनोन्महिने वाढत राहते आणि काँक्रीटमधून पाणी कमी झिरपतं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तर हे फारच मोलाचं आहे. मिस्त्रींचा गैरसमज त्या सुरुवातीच्या दिवसांतूनच आलेला असतो.

काँक्रीटसाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान 10 दिवस, तर कोरड्या, उष्ण हवेत 14 दिवस क्युरिंग करावं, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवावं. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढायचीही घाई नको.

पर्यावरणाचं म्हणाल तर फायदा खरा आहे. चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जितकी राख, तितकं क्लिंकर (चुनखडी भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी. शिवाय कोराडी, चंद्रपूर, एकलहरे इथली राख तळ्यांत साठण्याऐवजी कामी येते. अकोले तालुक्यातल्या घाटघर धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे!

एक मात्र पाहा: पीपीसीत साइटवर आणखी राख मिसळू देऊ नका.