पावसाळा काढलेली चित्रं

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या चिंध्या, सूत, जुनी बिलं आणि गेटपास मी सुतारकामाच्या पांढऱ्या गमने कॅनव्हासवर चिकटवतो आणि वरून ॲक्रिलिक रंग लावतो. यंदाच्या पावसात कागद फुगले, काही चित्रांना बुरशी आली. दिवाळीनंतर प्रदर्शन करायचंय. सगळं काचेत घालू का? आणि किंमत कशी लावू? – एक वाचक

उत्तर : काचेचं नंतर बघू, आधी फुगे. कागद ओला झाला की पसरतो, तेही एका दिशेला जास्त. तुम्ही कोरड्या कागदाला गम लावून लगेच दाबत असाल, तर तो चिकटल्यावरही पसरत राहतो, जागा न मिळाल्याने मधेच उठतो. कागदाला आधी पाण्याचा हात फिरवा, थोडा वेळ पडू द्या, त्याचं काय पसरायचं ते पसरून होऊ दे. मग कागद आणि पाया दोन्हींना चिकटद्रव्य लावा, रबरी रोलर मध्यापासून कडेकडे फिरवा आणि वर बटर पेपर ठेवून वजनाखाली वाळवा. सुतारी गम कालांतराने पिवळा आणि ठिसूळ होतो. त्याऐवजी ॲक्रिलिक मॅट मीडियम, म्हणजे ॲक्रिलिक रंगातलंच बिनरंगी, न चकाकणारं चिकटद्रव्य घ्या. महाग आहे, पण चिंध्या फुकट मिळतात ना तुम्हाला!

बुक बायंडर खळीत मोरचूद घालतात ते उगीच नाही. नुसती खळ म्हणजे बुरशी आणि कसर दोघांनाही आमंत्रण. तुम्ही कुठे खळ वापरली असेल तर तिथलंच आधी तपासा.

जड काम ताणलेल्या कॅनव्हासवर करू नका. हवेतल्या ओलाव्याने तो सैल-घट्ट होत राहतो आणि वरचा कागद त्याच्याबरोबर ओढला जातो. प्लायवर करा. फक्त प्लायची मागची बाजू आणि कडाही सील करा, नाहीतर बोर्ड वाकतो.

आता बिलं. छोट्या मशीनमधून निघणारं गुळगुळीत बिल उष्णतेने छापलेलं असतं. त्यावरची अक्षरं आज ना उद्या उडणारच, चिकटद्रव्याने कधी आधीच उडतात. त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा, तिचा टोनर म्हणजे कोरडी शाई टिकते. इंकजेट प्रिंट मात्र नको, ओलं लागलं की बहुतेक वेळा शाई पसरते. चित्रात खरं बिल हवं, झेरॉक्स म्हणजे फसवणूक, असं कुणी म्हणेल. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या खुर्चीची वीण म्हणून कॅनव्हासवर लावलं ते छापील मेणकापडच होतं.

काच सगळ्यांना नको. सुताची वीण काचेमागे मरते. ज्यात कागद उघडा आहे तेवढीच काचेत घाला, आणि फ्रेमवाल्याला बॉक्स फ्रेम, म्हणजे काच आणि चित्रात जागा सोडणारी खोल फ्रेम सांगा. काच चित्राला टेकली की दमट हवेत ती चिकटते, मग सोडवताना रंगही येतो. नेताना बबल रॅप थेट ॲक्रिलिकवर गुंडाळू नका, उन्हात टेम्पोत गोल ठसे उमटतात. मधे बटर पेपर हवाच.

दिवाळीनंतरच्या प्रदर्शनाबद्दल माझं स्पष्ट मत : फुगलेली चित्रं मांडू नका. नव्या पद्धतीने केलेली चित्रं एक अख्खा पावसाळा भिंतीवर राहू द्या, मग जी टिकतील ती घेऊन बाहेर पडा. तुमच्याकडून चित्र घेणारा माणूस ते जूनमध्येही भिंतीवरच ठेवणार आहे. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला प्रवेशिका पाठवा, संस्था १८८८ पासूनची आहे. सुरुवातीला कोल्हापूरचं शाहू स्मारक किंवा पुण्याचं बालगंधर्व कलादालन बघा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज आजच केलात तरी तारीख मिळायला वर्षं लागतात, म्हणून आजच करा.

किंमत चौरस इंचाच्या दराने लावा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर अडखळायला होत नाही. प्लाय, मीडियम, फ्रेम यांचा खर्च वेगळा धरा. खासगी गॅलरी तीस ते पन्नास टक्के कमिशन घेते, पण म्हणून घरी येणाऱ्याला स्वस्तात देऊ नका. गॅलरीला कळतं, आणि मग ती फोन उचलत नाही.

लेबलवर नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहून भागवू नका. ‘प्लायवर ॲक्रिलिक, यंत्रमागाचं सूत, कागद’ असं लिहा. चित्रामागे कोणतं चिकटद्रव्य, कोणतं वार्निश, तेही पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली तर करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.