पहिली रंगीत पॅलेट कोणती घ्यावी, आणि निळा रंग कुणाला शोभतो

तुम्ही विचारलंय की आजवर फक्त तपकिरी आयशॅडो लावली, रंग सावळा आहे, तर पहिली रंगीत पॅलेट कोणती घ्यावी. आणि नक्षीदार पॅलेट घेऊन न वापरता नुसती बघत बसणं विचित्र आहे का. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही एक ओळ टाकलीय, "निळा-बिळा मला शोभणार नाही हे माहीत आहे, तरी विचारते." कुणी सांगितलं हो तुम्हाला हे? मी उत्तर लिहायला बसले ती त्या एका ओळीमुळे.

मला माझ्या ताईने सांगितलं होतं. मी बावीस वर्षांची, पहिल्याच नोकरीत कसलासा समारंभ होता. मैत्रिणीची पॅलेट मागून आणली होती, त्यात एक आकाशी मॅट, म्हणजे बिनचमकीची, शेड होती. सोबत मिळणारी ती स्पंजची काडी घेऊन आरशासमोर पाऊण तास खपले. बाहेर आले तर ताई म्हणाली, "डोळ्यांना काय झालं गं? भिंतीला पोपडे आल्यासारखं दिसतंय." हसले सगळे. मीही हसले. ते एक वेळ चाललं असतं, पण मग ती जवळ आली आणि मायेनं म्हणाली, "आपल्या रंगाला नाही शोभत अगं हे. तू आपली तपकिरी लाव, किती छान दिसते तुला." आपल्या रंगाला! ती माझ्यापेक्षा चांगली दोन शेड उजळ आहे.

मी डोळे धुतले. निळी धड निघाली नाही, कडांना राहिली, आणि समारंभात एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं की रात्री झोप झाली नाही का. त्यानंतर नऊ वर्षं तपकिरी. तपकिरीला मी नावं ठेवत नाही, तिनेच माझा हात बसवला. पण नऊ वर्षं म्हणजे फार झाली.

मग एका रात्री उशिरा घरी आले. काजळ पुसायचा कंटाळा आला म्हणून बोटाने नुसतंच चोळलं, तर ते पापणीभर पसरलं. कपाटात एक सुटी आयशॅडो पडून होती, कशाबरोबर तरी फुकट आलेली. डबीत ती मळकट पांढरी दिसायची, म्हणून कधी हात लावला नव्हता. गंमत म्हणून बोटाने त्या काळ्यावर दाबली. डोळा मिटून आरशाकडे तिरकं पाहिलं आणि हात तिथेच थांबला. गॅसच्या ज्योतीचा अगदी बुडाशी असतो ना, तसला निळा. डोकं हलवलं की जांभळ्याकडे झुकायचा. रात्रीचा एक वाजलेला, मी एकाच डोळ्याला रंग लावून बाथरूममधे उभी, आणि मनात पहिला विचार काय, तर ताईला उठवून दाखवू का.

उठवलं नाही. त्याऐवजी डब्यांमागची बारीक अक्षरं वाचायला लागले, आणि तिथून हे व्यसन लागलं.

आता नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. फिकट मॅट रंग, म्हणजे आकाशी, पुदिना, बेबी पिंक वगैरे, हे मूळ रंगात पांढरा मिसळून होतात, आणि तो पांढरा म्हणजे बहुतेकदा टायटॅनियम डायऑक्साइड. गोऱ्या कातडीवर तो पांढरा खपून जातो. सावळ्या कातडीवर तो वर येतो आणि राखाडी, खडूसारखा दिसतो. त्यात निळ्या मॅटचं दुखणं आणखी वेगळं. अल्ट्रामरीनसारखी रंगद्रव्यं पापणीवर सरळ, एकसारखी बसायला कुरकुरतात. ब्रशने घासलं की एका जागी जमतात आणि दुसरीकडून निघून येतात. म्हणजे ताईला दिसलेले पोपडे खरे होते. पण तिने खापर फोडलं माझ्या कातडीवर.

आणि ती मळकट पांढरी? तिच्यात निळा रंग म्हणून काही नसतोच. अभ्रकाच्या चपट्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवतात. थर किती जाड त्यावर कुठला रंग परत येणार ते ठरतं, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसंच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बाकीचा प्रकाशही उलटून येतो आणि हा रंग बुडून जातो. खाली गडद काही असलं की ते बाकीचा प्रकाश गिळतं, निळा तेवढा उरतो. ड्युओक्रोम, म्हणजे हलवलं की दुसऱ्या रंगाकडे झुकणाऱ्या, म्हणून ज्या शेड मिळतात त्यांतल्या बऱ्याच याच कुळातल्या. म्हणजे जी शेड उठून दिसावी म्हणून गोऱ्या बाईला खाली काळा बेस लावावा लागतो, तिची अर्धी तयारी आपल्या पापणीवर जन्मतःच झालेली असते. हे मला बाविसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

माझ्याकडे आता सतरा निळ्या आहेत. सतरा लागतात का? नाही लागत. पहिल्या चार-पाच मी वापरायला घेतल्या, पुढच्या पुरावा म्हणून. प्रत्येक नवी निळी मनगटावर ओढून पाहताना मी मनातल्या मनात ताईशी भांडत असते. हे हास्यास्पद आहे हे मला कळतं.

त्यातली एक पॅलेट मात्र पुराव्याची नाही, ती निव्वळ देखणी आहे. मधल्या मोठ्या पॅनवर, म्हणजे रंगाच्या वडीवर, खंड्या कोरलाय, पंखाच्या एकेका पिसाची रेघ वेगळी, चोचीत एवढासा मासा. (खंड्याच्या पिसातही निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतल्या सूक्ष्म जाळीवरून प्रकाश परततो म्हणून तो निळा दिसतो. हे कळल्यावर ती पॅलेट घेतल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं.) तीन वर्षं मी तिला बोट लावलं नाही. झाकण उघडायचं, उजेडात तिरकी धरायची, बंद करून ठेवायची.

तर तुमचा दुसरा प्रश्न, हे विचित्र आहे का. कैरोच्या संग्रहालयात इजिप्तच्या नार्मर राजाची दगडी पाटी आहे (इंग्रजीत तिलाही पॅलेटच म्हणतात), इसवी सनापूर्वी ३१०० च्या आसपासची. तिच्या एका बाजूला लांब मानेची दोन जनावरं माना गुंफून उभी आहेत आणि त्या मानांच्या मधोमध एक गोल खळगा आहे. असा खळगा डोळ्यांचा रंग वाटण्यासाठी असायचा. इजिप्तमधे मॅलाकाइट या खनिजाचा हिरवा आणि गॅलिना या खनिजाचा काळा अशा पाट्यांवर वाटत. पण ही पाटी चौसष्ट सेंटिमीटर उंच आहे आणि दोन्ही बाजू शिल्पांनी भरलेल्या. रोजच्या वापराची ती नव्हतीच, देवळात ठेवण्याची असावी असं अभ्यासक मानतात. पाच हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी असंच वाटलं असणार, की हिच्यावर रंग वाटायचा नाही. तुम्ही चांगल्या संगतीत आहात. "वापरायची नाही तर घेतलीस कशाला" असं विचारणाऱ्याच्या घरातल्या शोकेसमधे काय काय आहे ते एकदा बघून या.

पहिली पॅलेट. नऊ रंगांच्या वर जाऊ नका, आणि त्यातले तीन तरी तुमचे ओळखीचे तपकिरी असू देत, कारण निळ्याची कड विरघळवायला तपकिरीच लागते. फिकट मॅट असलेल्या पॅलेट सोडून द्या. गडद निळा, मोरपंखी, वांगी, आणि एक-दोन ड्युओक्रोम. ब्रँडचं नाव विचाराल तर सांगणार नाही, त्यावरून माणसं भांडतात. ब्रश दोनच पुरे, एक दाट आणि एक मऊ झुबकेदार. मॅट थापायची, घासायची नाही. खाली काजळ किंवा गडद क्रीम बोटाने पसरून घ्या. डोळे आधी आणि बाकी चेहरा नंतर, नाहीतर गालावर पडलेला निळा पुसताना सगळंच पुसलं जातं. पहिल्या चार वेळा वाईट दिसेल. घरात कुणी नसताना करा.

नक्षीवाली वापरायची झालीच तर कोपऱ्यातून सुरुवात करा. वरची झळाळी बऱ्याचदा नुसती फवारलेली असते, दोन बोटांत उडते आणि खालून भलताच रंग निघतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे रडायची वेळ येणार नाही.

माझ्या पॅलेटचा कोपरा वगैरे राहिलाच नाही. गेल्या वर्षी ताई राहायला आली होती. कुठेतरी जायचं होतं तिला, माझा खण उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "ते तुझं निळं काहीतरी लाव ना मला." सव्वीस वर्षांनी! आणि मी काही म्हणायच्या आत तिने खंड्यावर अंगठा टेकवला, थेट पंखावर. मी ओरडले असते, पण ती अंगठा उजेडात धरून फिरवत होती, मी ती पॅलेट धरून फिरवते तसाच. मग मीच तिला लावून दिली. तिच्या पापणीवर ती माझ्याइतकी उठेना, खाली काळा बेस द्यावा लागला. मी म्हटलं, "तुझ्या रंगाला जरा जास्त मेहनत लागते गं." तिला काही आठवलं नाही. खरंच आठवलं नाही, तोंड बघून कळतं ना.

काही गोष्टी राहिल्या. निऑन, म्हणजे भडक झगमगीत, शेडच्या मागे "प्रेस्ड पिगमेंट" (दाबून बसवलेलं रंगद्रव्य) लिहिलेलं असेल तर बारीक अक्षरं वाचा. त्यातले काही रंग अमेरिकेत डोळ्यांभोवती लावायला मंजूर नाहीत, आणि ते पापणी रंगवूनही ठेवतात. हस्तकलेची चमकी डोळ्याजवळ नेऊ नका, बुबुळाला ओरखडा जातो. लेन्स घालत असाल तर आधी लेन्स, मग रंग. काढताना आधी लेन्स काढायच्या. मस्कारा तीनेक महिन्यांत फेका, कितीही महागाचा असो. पावडरीला पाणी नसल्यामुळे ती पुष्कळ टिकते, वास आणि पोत बदलला की समजायचं. पावडरीवर तेलकट साय धरली तर चिकटपट्टी अलगद दाबून उचला. फुटली तर चुरा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाका, कापडात गुंडाळलेल्या नाण्याने दाबा आणि रात्रभर वाळू द्या. बसते परत. नक्षी मात्र येत नाही.

आणि डोळे आलेले असताना पॅलेट कुणालाही देऊ नका, मागणारी सख्खी बहीण असली तरी. एरवी द्यायला हरकत नाही. माझी खंड्यावाली तिच्यासोबत गेली ती अजून आलेली नाही. परवा तिने फोटो पाठवला होता, दोन्ही डोळ्यांना नीट लावली होती, मासा तेवढा अजून शाबूत आहे म्हणाली.