संस्था खासगी, मग जबाबदारी कुणाची?

प्रश्न : बहीण वारल्यावर बाल कल्याण समितीनं तिच्या दोन्ही मुलांना (वय 9 आणि 7) एका विनाअनुदानित बालगृहात ठेवलं. मागच्या भेटीत धाकट्याच्या पोटऱ्यांवर वळ दिसले. अधीक्षक म्हणतात, ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, सरकारला काय विचारता?’ तक्रार कुठं करू? – एक मावशी

उत्तर : अधीक्षकांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. अनुदान नसलं, तरी मुलं तिथं समितीच्या आदेशानं राहतात आणि बालगृह चालतं ते बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालच्या सरकारी नोंदणीवर. शिस्तीसाठी मारलं, ही सबबही चालत नाही. कलम 82 नं शारीरिक शिक्षेला मनाई आहे. क्रौर्य सिद्ध झालं, तर संस्थेतल्या कर्मचाऱ्याला कलम 75 खाली 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आजच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मग समितीला लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना द्या. एक पान पुरे : समितीच्या आदेशाचा क्रमांक, मुलाचं नाव, भेटीची तारीख-वेळ, वळ कुठं, किती, कोणत्या रंगाचे. लालसर आणि पिवळट वळ एकाच पायावर असतील तर तसंच लिहा, अर्थ डॉक्टर लावतील. दोन मागण्या स्पष्ट करा : वैद्यकीय तपासणी, आणि अधीक्षक समोर नसताना मुलाशी बोलणं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बहुतेक तक्रारी फसतात, कारण अर्ज संस्थेच्याच हाती दिला जातो. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. वळांचा फोटो व्हॉट्सॲपवर तर मुळीच फिरवू नका : मुलाची ओळख उघड करणं हा कलम 74 खाली गुन्हा आहे, मग फोटो मावशीनं टाकलेला का असेना. लैंगिक छळाची शंका आली, तर अर्जात वेळ न घालवता थेट पोलिसांत जा.

समिती हलली नाही, तर तिच्या कामाविरुद्धची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. सोबत माहिती अधिकारात 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मागा : या बालगृहाचे मागच्या 4 तपासण्यांचे अहवाल आणि त्यांवरची कार्यवाही. कलम 54 प्रमाणे तपासणी समितीनं दर 3 महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. पथकात किमान 3 जण, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेत. आदल्या दिवशी कळवून झालेल्या तपासणीत नव्या चादरीच दिसतात. पुढच्या भेटीत सूचना पेटीही बघा. ती मुलांच्या खोल्यांजवळ हवी आणि किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. ती अधीक्षकांच्या कमरेला असेल, तर कोणतं मूल चिठ्ठी टाकेल?

प्रश्न : मुलांना घरी आणता येईल का? मजुरीवर भागत नाही.

उत्तर : येईल. कायद्याच्या लेखी संस्था हा शेवटचाच पर्याय आहे. ताबा मिळावा म्हणून समितीकडेच अर्ज करा, त्यातच बालसंगोपन योजनेची, म्हणजे संस्थेऐवजी घरी वाढणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी मदतीची, मागणी घाला. दर मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. गृहचौकशीला माणूस येईल तेव्हा मुलं कुठं झोपतील आणि कोणत्या शाळेत जातील, हे ठरलेलं असू द्या.