रक्ताचं इंजेक्शन दिलं की घोडा जास्त पळतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: शर्यतीच्या घोड्याला रक्तवाढीचं (लोहाचं) इंजेक्शन द्यावं का, आणि मांड्या भरलेला घोडा घ्यावा की सडपातळ. आम्ही निपाणीकडचे. वडिलांच्या वेळेपासून दारात घोडागाडीचा घोडा आहे, त्यावरून सांगतो.

इंजेक्शन देऊ नका. घोड्याचं जादा रक्त त्याच्या पाणथरीतच, म्हणजे प्लीहेतच, साठलेलं असतं. शांत उभ्या घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशी शंभरात 35 ते 45 भाग. पळायला लागला की पाणथरी आवळते, साठा रक्तात उतरतो आणि तोच आकडा 60 च्या वर जातो. हृदयाचे ठोके मिनिटाला 30-40 वरून 220 च्या पुढे. वैरणीतून लोह भरपूर मिळतं, त्यामुळे वरून टोचलेलं बहुतेक वेळा फुकटच जातं, आणि शिरेत दिलेल्या लोहाची रिअ‍ॅक्शन आली तर जनावर जागेवर दगावू शकतं.

रक्ताच्या रिपोर्टवरही डोळे झाकून जाऊ नका. आमच्या घोड्याचा तांबड्या पेशींचा आकडा एकदा 48 आला, सगळे खूश. पण रक्त काढताना शेजारी हलगी वाजत होती, घोडा नाचत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, शांत असताना काढलं तर 37!

मांड्यांचं म्हणाल तर झटक्याचे स्नायू वेगळे, दमाचे वेगळे. 2010 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, की थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची एक जात) कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा हे बरंचसं मायोस्टॅटिन नावाच्या एका जनुकावर ठरतं. भरलेल्या मांड्यांचा घोडा सुरुवातीला उसळी घेतो. आपल्याकडं गाडी ओढत काही किलोमीटर जायचं असतं, म्हणून मी तरी सडपातळच घेईन.

पण स्नायूंचा खरा घात खुराकात होतो. एका पावसाळ्यात घोडा दोन दिवस जागेवरच होता, हरभरा मात्र रोजच्याइतकाच. तिसऱ्या दिवशी गाडीला जुंपला, वेशीपर्यंत गेला आणि थांबला. घामानं निथळत होता, मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक. गडी म्हणाला, “अण्णा, पोट दुखतंय त्याचं, फिरवूया.” फिरवला. संध्याकाळी लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पोटाचं काही नाही, स्नायू फुटून त्यांचा रंग लघवीत उतरलाय, आणि अशा घोड्याला एक पाऊलही चालवायचं नसतं. त्या हंगामात तो गाडीला लागला नाही. आता सुट्टीच्या दिवशी हरभरा बंद, नुसती वैरण.