‘वेस्टलँड’ म्हणजे पडीक की माळरान?

भूवापर धोरणावरील अहवालाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘वेस्टलँड’साठी ‘पडीक जमीन’ लिहावे की ‘माळरान’, की दोन्ही एकच?

दोन्ही एक नाहीत. ‘पडणे’वरून आलेला ‘पडीक’ हा शब्द जमिनीचा गुण सांगत नाही, कसणाऱ्याने तिचे काय केले ते सांगतो. जमीन पडीक ‘ठेवतात’ किंवा ‘टाकतात’. महसुली आकडेवारीतही ‘चालू पड’ आणि ‘इतर पड’ हा भेद किती काळ पेरा झाला नाही यावरच ठरतो. ‘माळ’ हे मात्र भूरूप आहे: उंचवट्याची, उथळ मातीची, गवताची जमीन. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ माळढोकांसाठी प्रसिद्ध झाला तो गवतामुळे, कोणी नांगर सोडून दिला म्हणून नव्हे. ‘गायरान’ हा शब्द तर हक्क सांगतो: गावच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली जमीन, मग ती माळावर असो वा ओढ्याकाठी.

या भेदाची किंमत कर्बसाठ्याच्या, म्हणजे झाडांत आणि मातीत साठून राहणाऱ्या कार्बनच्या, हिशेबात कळते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या वेस्टलँड नकाशासंग्रहात झुडपी जमीन आणि अवनत (कस गेलेली) चराऊ जमीनही ‘वेस्टलँड’ याच सदरात आहेत. त्यातच 2030 पर्यंत वने व वृक्षाच्छादन वाढवून 2.5 ते 3 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. त्यामुळे ‘पडीक’ म्हटलेल्या माळावर रोपांसाठी खड्डे घेणे साहजिक वाटू लागते. पण माळाचा बहुतेक कर्ब जमिनीखाली असतो. उन्हाळ्यात कुसळी गवताचा वाळका ठोंब उपटून पाहावा. पाती हातात येतात, मुळे येत नाहीत. वणव्यात पाती जळाली तरी तो साठा बराचसा टिकतो, नांगर फिरला की मातीतला सेंद्रिय कर्ब झपाट्याने हवेत जातो.

म्हणून माझे मत असे की, योजनेच्या अधिकृत नावात ‘पडीक’ असेल तर ते तसेच ठेवावे. वर्णनात मात्र गवताळ जमिनीला माळरान, कस गेलेल्या जमिनीला अवनत आणि पेरा थांबलेल्या जमिनीलाच पडीक म्हणावे. सातबारावरील ‘पोटखराबा’ यांपैकी कशालाही पर्याय म्हणून वापरू नये. तो एखाद्या गटातला लागवडीस अयोग्य धरलेला किंवा रस्ता, ओढा अशा कारणांनी आकारणीतून वगळलेला भाग असतो.