भिगवणच्या उन्हात जेवढं दिसेल तेवढ्याचेच पैसे मोजा

प्रश्न: मी ४४ वर्षांची, इंदापूरला राहते, साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते. पगार हातात ६८,००० येतो. घरकर्जाच्या १९,००० च्या हप्त्यासह घरखर्च ५२,०००. मुलगा दहावीत आहे, त्याच्या शिक्षणासाठी ८,००० ची एसआयपी चालू आहे. बँकेत ३ लाखांची एफडी आहे आणि ऑक्टोबरात पोस्टातली आरडी संपून ९०,००० येतील. रविवारी भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढते, ओळखीतल्या बारशा-डोहाळजेवणांच्या फोटोंचे गेल्या वर्षी २४,००० मिळाले. जुना डीएसएलआर बंद पडला. आता छोटा मिररलेस (आतला आरसा काढून टाकलेला, आटोपशीर कॅमेरा) हवा. दुकानदाराने तीन भाव दिलेत: सोनी झेडव्ही-ई१० एका लेन्ससह ६२,०००, निकॉन झेड ५० टू दोन लेन्ससह १,१२,०००, आणि फुजीफिल्म एक्स-टी५ ची नुसती बॉडी १,६२,०००. फुजीचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून चित्र बघायची खिडकी) दीडपट स्पष्ट आहे म्हणे. मला नुकतीच चाळिशी लागली आहे, त्यामुळे मन तिकडेच ओढतंय. आरडीचे पैसे घालून उरलेले ७२,००० बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचे आणि वर्षभर एसआयपी थांबवायची, असा विचार आहे. लेन्स पुढच्या वर्षी एफडी मोडून घेईन. बरोबर आहे का?

ताई, तुमच्या पत्रातली आकडेमोड चोख आहे, हिशेब विभागात काम केल्याचं दिसतं. पण ज्या एका शब्दावर ती उभी आहे, तो ‘दीडपट’ आधी तपासू या. ५०,००० चा फरक त्याच्याच जिवावर मागितला जातोय.

व्ह्यूफाइंडरची स्पष्टता कंपन्या ठिपक्यांत मोजतात. निकॉनमध्ये २३.६ लाख ठिपके आहेत, फुजीत ३६.९ लाख. भागाकार केला तर दीडपटीहून थोडं जास्तच येतं, म्हणजे दुकानदार खोटं बोललेला नाही. पण लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून चित्राचा एक बिंदू होतो. त्या हिशेबाने निकॉनचं चित्र आडवं १०२४ आणि उभं ७६८ बिंदूंचं, फुजीचं १२८० आणि ९६०. आडव्या ओळीत वाढ झाली फक्त सव्वापट. शिवाय फुजीतलं चित्र डोळ्याला मोठं दिसतं. निकॉनचं वर्धन सुमारे ०.६८ आहे आणि फुजीचं ०.८, म्हणजे तेच बिंदू मोठ्या जागेवर पसरले. सव्वापटीला या वाढीने भागलं की डोळ्याला जाणवणारी बारकाई उरते जेमतेम ६ टक्के जास्त.

म्हणजे फुजीत खरं काय मिळतं? मोठं चित्र. लहान पडद्यासमोर बसायचं की मोठ्या, तसा हा फरक आहे आणि तो मी कमी लेखत नाही. तासन्‌तास डोळा लावून बसणाऱ्याला मोठं चित्र सुखावतं. बूस्ट (चित्र वेगाने ताजं करण्याची सोय) लावला की फुजीचं चित्र सेकंदाला १०० वेळा ताजं होतं, उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना त्याचा उपयोग होतो, बॅटरी मात्र भराभर उतरते. चष्मा न काढता बघणाऱ्यालाही फुजी सोयीचा, कारण डोळा काचेपासून २४ मिलिमीटर दूर असला तरी पूर्ण चौकट दिसते. निकॉनमध्ये हे अंतर १९.५ आहे. जाड काचेचा चष्मा असेल तर कोपरे तुटतात.

आता तुमच्या चाळिशीकडे येते, कारण या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. लांबचं तुम्हाला स्वच्छ दिसतं, अडचण जवळची आहे. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा हातभर अंतरावर असतो, म्हणजे नेमका तुमच्या अडचणीच्या जागी. पक्षी शोधायला चष्मा काढा, पडदा बघायला चष्मा घाला, तोवर शेकाट्या उडालेला असतो. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डायऑप्टरची बारकी चकती असते. ती फिरवून तुमचा नंबर तिथेच जुळवायचा, चष्मा खिशात. निकॉन आणि फुजी दोन्हींत ही सोय आहे, नुकत्या लागलेल्या चाळिशीला ती भरपूर झाली. चष्मा काढूनच बघणार असाल तर ते २४ आणि १९.५ चं अंतर तुमच्यासाठी गौण ठरतं.

याच कारणासाठी सोनीचा पर्याय मी यादीतून काढते. ६२,००० हा आकडा स्वस्त वाटतो, पण २०२१ मध्ये आलेला हा कॅमेरा मुख्यतः व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनवलाय. त्यात व्ह्यूफाइंडर नाही आणि पुढे वेगळा घेऊन जोडताही येत नाही. घरात, सावलीत, स्वतःकडे कॅमेरा धरून बोलणाऱ्याला तो उत्तम. तुम्ही उजनीच्या बॅकवॉटरमध्ये होडीत बसता. डोक्यावर ऊन, खाली पाण्याची चकाकी, पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसऱ्याच रविवारी तुम्हाला चूक कळेल आणि वापरलेला कॅमेरा विकताना मोठा तोटा पदरी येईल. निकॉनचा झेड ३० आणि फुजीचा एक्स-एम५ यांतही व्ह्यूफाइंडर गाळलेला आहे, तेव्हा दुकानदाराने ऐनवेळी ते पुढे केले तर नको म्हणा.

निकॉनच्या बाजूने एक गोष्ट ठिपक्यांच्या भांडणात हरवली. झेड ५० टू हा २०२४ च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा ठिपके जुन्या झेड ५० इतकेच ठेवून कंपनीने व्ह्यूफाइंडरचा उजेड दुप्पट, १००० निट्सपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) नेला. बाहेर लख्ख ऊन असताना डोळा आत घातला की मंद चित्र काळपट वाटतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या आकड्याची किंमत कळेल. त्यात पक्षी ओळखून फोकस धरून ठेवण्याची सोय आहे. आणि तुमच्या संचातली दुसरी लेन्स ५०-२५० ची आहे, या लहान सेन्सरवर तिची पोच फुल-फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ३७५ मिलिमीटरइतकी होते. होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा टिपायला ती पुरते. धीवरासारख्या छोट्या पक्ष्याला थोडी कमी पडेल. बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) नाही, ते लेन्समध्ये आहे, हीही उणीव सांगून ठेवते.

फुजीची बॉडी आणली तर पहिलं वर्ष तुम्ही काय लावून फोटो काढणार? जुन्या डीएसएलआरच्या लेन्स त्यावर थेट बसत नाहीत. पक्ष्यांसाठी निदान ७०-३०० ची लेन्स हवी, ती धरली की खर्च दोन लाखांच्या बराच पुढे जातो. ४ कोटी पिक्सेलचा सेन्सर उत्तमच आहे, पण पक्षी जवळ येतो तो लेन्समुळे.

आता ईएमआय. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे बँक व्याज सोडते असं नसतं. व्याजाइतकी सूट विक्रेता किंवा कंपनी देते आणि बँक आपलं व्याज घेतेच. १६ टक्के दर धरला तर महिना ६,००० च्या तुमच्या बारा हप्त्यांत सुमारे ५,९०० व्याज दडलेलं असेल. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार-एक रुपये, तुमच्या खिशातून जातील, वर प्रोसेसिंग फी. ही रक्कम फार नाही. पण रोख दिले तर भाव किती, हे दुकानदाराला आधी विचारा. हप्त्यांची सूट जिथून येते, तिथूनच रोखीची सवलतही निघू शकते.

मला खरी काळजी आहे ती एसआयपी थांबवण्याची. मुलगा दहावीत, म्हणजे मोठी फी दोन-अडीच वर्षांवर आली. या टप्प्यावर वर्षभराचे ९६,००० गाळले तर ते भरून काढायला वेळ उरत नाही, मग तेवढ्यासाठी शैक्षणिक कर्ज वाढवावं लागतं. एफडीचंही तसंच. महिना ५२,००० खर्चाच्या घराला ३ लाख म्हणजे सहा महिन्यांनाही थोडे कमीच. तिच्यावर लेन्स, बॅटरी, काहीही काढायचं नाही. याबाबतीत मी ठाम आहे.

फोटोंचे २४,००० हे कॅमेऱ्याचं समर्थन म्हणून धरू नका. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, म्हणजे तुमची नसणार. त्यामुळे १,१२,००० च्या बिलात असलेला सुमारे १७,००० चा जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही. ते पैसे प्राप्तिकर विवरणपत्रात मात्र दाखवा. हा कॅमेरा तुमच्या आनंदासाठी आहे. पाच वर्षं आरडी भरून तुम्ही तो कमावलाय, त्याला कमाईचं निमित्त जोडायची गरज नाही.

माझं मत निकॉनला आहे, पण ऑक्टोबरात नव्हे. आरडीचे ९०,००० आले की बचत खात्यात राहू द्या. तूट २२,००० ची आहे, शिवाय दुसरी बॅटरी (व्ह्यूफाइंडर बॅटरी खातो) आणि कार्ड यांचे सात-आठ हजार धरा. कारखान्याचा दिवाळी बोनस आणि दोन-तीन बारशांचे पैसे मिळून हे जमायला हवं. उशिराने तुमचं काही बिघडत नाही. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडायला लागतो, तेव्हा कुठे रोहित जमू लागतात, आणि त्याला ऑक्टोबरात अवकाश असतो. बोनस कमी आला तर कॅननचा आर५० दोन लेन्ससह बघा. त्यातही २३.६ लाख ठिपके आहेत, फक्त चित्र लहान, ०.५९.

तोवर एक रविवार पुण्याला जा. झेड ५० टू आणि एक्स-टी५ एका दिवसाच्या भाड्याने मिळतात का बघा, नाहीतर दुकानातच हातात घ्या, पण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आणि दुकानाबाहेर फुटपाथवर येऊन. चष्मा काढा, आधी चकती फिरवून आतली अक्षरं स्वच्छ करून घ्या, मग समोरच्या तारेवरच्या कावळ्यावर पाच मिनिटं डोळा लावा. फुजीच्या मोठ्या चित्राने इतका फरक पडला की निकॉन घ्यायची इच्छाच उरली नाही, तर मला पुन्हा लिहा. मग आरडी आणखी दीड वर्ष चालवून ते कसं बसवायचं, याचा हिशेब आपण मांडू.