एकीला फ्लॅट, दुसरीला एफडी? आत्ता दोन्ही नको

प्रश्न: आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. मोपाचा विमानतळ झाला, जमिनीला भाव आला आणि सासऱ्यांकडून आलेली काजूची बागायत आम्ही विकली. कर भरून २ कोटी १० लाख हातात आहेत. थोरली १७ वर्षांची, बारावीत. धाकटी १५ची, दहावीत. यजमान म्हणतात, पर्वरीला ६० लाखांचा फ्लॅट थोरलीच्या नावे घेऊ आणि तेवढीच एफडी ओळखीच्या पतसंस्थेत धाकटीच्या नावे ठेवू. थोरलीला पुढे पुण्याला शिकायचंय. पैसे आल्यापासून दोघींचं अजिबात पटत नाही. ताईला काय मिळालं, मला काय, हे धाकटी वहीत मांडून ठेवते. पानाचा फोटो पाठवते आहे. पैसे यजमानांच्या घरचे, मी काय बोलणार?

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. लग्नाच्या वेळी तुम्ही वेगळा करार नोंदवला नसेल, तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पतीला वारशाने आलेल्या मालमत्तेतही पत्नीचा निम्मा वाटा असतो. विक्रीखतावर तुमची सही उगीच घेतली नव्हती. तेव्हा बोला, आणि बिल्डरला टोकन जाण्याआधी बोला.

माझं मत स्पष्ट आहे: आत्ता कुठल्याच मुलीच्या नावे काही घेऊ नका.

६० लाखांचा फ्लॅट आणि ६० लाखांची एफडी फक्त पहिल्या दिवशी सारखी असते. साडेसहा टक्के दराने एफडीचे पाच वर्षांत करापूर्वी साधारण ८२ लाख होतील. फ्लॅटचे तेव्हा ९५ लाख होतील की ६५, हे मी सांगू शकत नाही आणि बिल्डरही सांगू शकत नाही. काहीही झालं तरी एका मुलीला वाटणार, आपल्याला फसवलं. त्यात थोरली पुण्याला गेली तर पर्वरीच्या फ्लॅटला कुलूप लागेल किंवा भाडेकरू शोधावा लागेल. शिवाय ती अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, असताना तो विकायचा म्हटलं, तर कोर्टाची परवानगी लागेल.

एफडीचंही तसंच. धाकटीला १८ पूर्ण होईपर्यंत त्या व्याजावर कर तुम्हालाच भरावा लागेल, म्हणजे कर वाचवायला तिच्या नावाचा उपयोग नाही. १८ पूर्ण झाले की सगळी रक्कम तिची, तुम्ही हात लावू शकणार नाही. आणि पतसंस्थेला तर माझा सरळ नकार आहे. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नसतो. २०२० मध्ये म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले ते तुमच्या भागात वेगळं सांगायला नको.

आता त्या वहीबद्दल. डावीकडे 'ताई', उजवीकडे 'मी'. फोन ७२ हजार, समोर २४ हजार. कोचिंग दीड लाख, समोर नुसती रेघ. खाली 'स्कूटर' आणि प्रश्नचिन्ह. मला त्या पानात हाव दिसली नाही. कोचिंग बारावीचं आहे, आपल्या वेळी आपल्यालाही मिळणार आहे, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलंच नाही. घरात अचानक पैसा आला, मोठी माणसं दार लावून बोलू लागली, मग ती आपल्या परीने हिशेब लावत बसली. थोरलीचीही कोंडी होत असणार. न मागता तिच्या नावावर फ्लॅट चढतोय आणि बहिणीचा राग मात्र तिने सोसायचा.

म्हणून दोघींना एकत्र बसवा आणि आकडे सांगा, पूर्ण २ कोटी १० लाख. नियमही सांगा: एकीला जे ज्या वयात मिळालं, ते दुसरीला त्या वयात मिळेल, वाढलेल्या महागाईसकट. फोनमधला फरक मात्र या नियमात बसत नाही. तो चुकलाच, आणि तसं कबूल करा. स्कूटर थोरलीला १८ पूर्ण होऊन लायसन्स मिळाल्यावरच. त्याआधी ती स्कूटर चालवताना सापडली तर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैसे तुमच्या दोघांच्या नावे ठेवा. आधी तुमच्या म्हातारपणासाठी ८० लाख बाजूला काढा. याला कुणी नाक मुरडलं तरी ऐकू नका. शिक्षणासाठी ७० लाख, दोघींचा मिळून एकच साठा, तीन-चार चांगल्या बँकांत वेगवेगळ्या मुदतीच्या एफडीत. त्यातल्या थोरलीच्या पहिल्या वर्षाच्या फीची मुदत येत्या जूनआधी संपली पाहिजे. १५ लाख अडीअडचणीला. उरलेले ४५ लाख पुढच्या दीड वर्षात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, घाला आणि निदान दहा वर्षं विसरा. नॉमिनी दोघी, निम्म्या-निम्म्या.

यजमानांना 'फ्लॅट तरी हातात राहतो' असं वाटत असेल तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत आणि निम्म्या मालमत्तेवरचा त्यांचा हक्क मृत्युपत्रानेही काढता येत नाही. हयातीत एकीला दिलेलं दान पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधल्या कोर्टातल्या वाटणीच्या, वेळी साधारणपणे हिशेबात धरलं जातं. म्हणजे आज धाकटी वहीत जे मांडते आहे, तेच उद्या दोघींचे वकील कोर्टात मांडतील. एवढं ऐकूनही फ्लॅट हवाच असेल, तर थोरलीचा प्रवेश नक्की होईपर्यंत थांबा आणि मग तुमच्या दोघांच्या नावे घ्या. टोकन दिलं नसेल तर आजच बिल्डरला कळवा, आणि दिलं असेल तर पावतीवर ते परत मिळण्याची काय अट आहे, ते पाहून मला लिहा.